दादा, पोस्ट-प्रॉडक्शनच्या बजेटसाठी मनापासून थँक्यू

दादा,

फोनवर बोलले असते तर तुम्ही "असू दे गो" म्हणून विषय बदलला असता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

आमची मालिका छोटी, १३ भाग, प्रत्येकी २२ मिनिटं, पैसे मोजकेच. पोस्टचं, म्हणजे शूटिंगनंतरच्या एडिटिंग, साउंड वगैरे कामाचं, कोटेशन सगळीकडे पर एपिसोड मिळतं, तेच घेऊन आम्ही फोंड्याला तुमच्याकडे आलो आणि तुम्ही रेट बघायच्या आधी विचारलंत, शूटिंग रेशो काय धरलाय, म्हणजे एक मिनिट दाखवायला किती मिनिटं शूट करणार? मग वहीत हिशोब मांडलात. १० ला १ धरला तर साधारण ४८ तासांचं फुटेज, २० ला १ झाला तर ९५ तास, म्हणजे दिवसाला आठ तास बसलं तरी एडिटरचे बारा दिवस नुसतं बघण्यातच जाणार, कट एकही नाही. फुल एचडी प्रोरेस ४२२ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये तासाला ५५ जीबीच्या आसपास लागतात, म्हणजे ९५ तासांचे पाच टीबीच्या वर, आणि तीन कॉप्या ठेवायच्या तर हार्ड डिस्कचाच खर्च केवढा! ते पान बघून डायरेक्टरने त्याच रात्री शॉट लिस्ट परत लिहायला घेतली. पोस्टचा खर्च सेटवरच ठरतो हे एवढं स्पष्ट आम्हाला कुणी दाखवलं नव्हतं.

साउंडचं तर काय सांगू. तुमच्या सांगण्यावरून प्रत्येक लोकेशनवर सगळ्यांना गप्प उभं करून अर्धा मिनिट नुसता रूम टोन, म्हणजे त्या जागेचा रिकामा आवाज, घेतला, आणि डायलॉगवर पोदेराचा (सायकलवरच्या पाववाल्याचा) पों पों आला किंवा पत्र्यावर पाऊस सुरू झाला की सीन संपल्यावर तिथेच, त्याच माइकवर, ती वाक्यं परत बोलून घेतली. नंतर आर्टिस्टना पेडण्याहून, काणकोणहून डबिंगला बोलवायचं म्हणजे स्टुडिओचं तासाचं भाडं, गाडी, जेवण, आणि एवढं करून तो मूळ अभिनय परत येईलच असं नाही. माझ्या मते कमी बजेटवाल्यांनी लेन्सपेक्षा आधी साउंड रेकॉर्डिस्टवर पैसे घालावेत.

चॅनेलची डिलिव्हरी शीट आधीच मागवा हेही तुम्हीच सांगितलंत, कुठल्या लाउडनेसला मिक्स हवा, सबटायटल्स कशी हवीत, म्युझिक आणि डायलॉगचे ट्रॅक वेगळे द्यायचेत का, कारण मिक्स झाल्यावर हे कळलं तर परत मिक्सिंग आणि परत पैसे. आणि पिक्चर लॉक, म्हणजे एडिट फायनल झाला की तो लॉकच, त्यानंतर दोन फ्रेम हलवल्या तरी साउंड, म्युझिक, ग्रेडिंग (रंगांचं काम) सगळ्यांना परत हात लावावा लागतो. आमच्या निर्मात्यांना हे मी सांगून पटलं नसतं, तुम्ही शांतपणे समजावलंत आणि त्यांनी ऐकलं.

आता एकच. ओळखीतल्या माणसाने फुकट केलेलं कामसुद्धा बजेटमध्ये पूर्ण रेटने लिहायचं, नाहीतर पुढच्या सीझनला आकडा खोटा निघतो, हे तुमचंच म्हणणं ना? मग तुमचं बिल पाठवा दादा, पूर्ण रेट लावून. तुमच्या नावाची ओळ बजेटमध्ये आहे आणि पैसे बाजूला काढून ठेवलेत.