लाईट गेल्यावर फिश टँकमधले मासे मरायलाच पाहिजेत असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी मे संपत आला की पेपरात पावसाळ्याच्या तयारीचं पान येतं, त्यात टॉर्च, मेणबत्त्या, मोबाइल आधीच चार्ज करा, फ्रीजमधलं सामान कसं टिकवायचं हे सगळं असतं आणि हल्ली कुत्र्यामांजरांबद्दल पण चार ओळी असतात, ते चांगलंच आहे. पण घरात काचेच्या टाकीत जे मासे असतात त्यांच्याबद्दल त्या पानावर एक ओळही मी आजवर वाचलेली नाही. आणि लाईट गेल्यावर घरात सगळ्यात आधी ज्यांच्या जिवावर बेततं ते हेच. कुत्रं भुंकून सांगतं तरी, मासे रात्रीत मरतात आणि घरच्यांना सकाळी कळतं. म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांबलंय, पण शक्य असेल तर न कापता छापा, कारण यात वायरिंगची माहिती आहे आणि अर्धवट वायरिंग कुणी केलं तर ते वाईट.

आधी मासे मरतात कशाने ते बघू. बऱ्याच लोकांना वाटतं पाणी खराब झालं किंवा काहीतरी रोग आला. तसं नसतं, ऑक्सिजन संपतो. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० डिग्रीला एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम मावतो आणि ३० डिग्रीला साडेसात, म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सुरुवातच कमीवर होते. त्यात एअर पंप बंद पडला की पाण्याचा पृष्ठभाग हलायचा थांबतो, वरची हवा खाली जात नाही, आणि मासे, गाळ, उरलेलं खाणं, फिल्टरमधले बॅक्टेरिया सगळे मिळून आहे तो साठा वापरत राहतात. ४-५ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागतात, २ च्या खाली बहुतेक मासे जगत नाहीत. खरी झाडं लावलेल्या टँकला रात्री जास्त धोका, कारण अंधारात झाडं पण ऑक्सिजनच घेतात. फायटर आणि गुरामी वरची हवा थेट घेऊ शकतात म्हणून ते टिकतात, गोल्डफिशला मात्र ती सोय नाही, आणि लहान मुलांच्या घरी बघा, जास्त करून गोल्डफिशच असतात.

आता लोक काय करतात, तर टँकसाठी इन्व्हर्टर घ्यायला जातात, किंमत ऐकतात आणि परत येतात. माझं सगळं सांगणं याच एका मुद्द्यावर आहे की सगळा टँक चालू ठेवायची गरजच नाही. टँकचा दिवा बंद राहिला तर काही होत नाही, मोठा फिल्टर काही तास बंद राहिला तरी चालतं (तो परत सुरू करताना काय करायचं ते पुढे सांगतो), आपल्याकडे हीटर तर बहुतेक घरांत लागतच नाही. फक्त हवा चालू पाहिजे. आणि त्या हवेला लागते किती वीज, तर छोटा यूएसबीवर चालणारा एअर पंप एक-दीड वॉट घेतो. दीड वॉटसाठी २३० व्होल्ट तयार करणारा इन्व्हर्टर लावला तर तो इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच ७-८ वॉट खातो. म्हणजे बॅटरीतली बहुतेक वीज माशांना न मिळता वाया जाते.

हिशोब असा. यूपीएसमध्ये येते ती सीलबंद १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी घ्या, १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-अवर. लेड ॲसिड बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, अर्धीच वापरायची धरली तर ४२. छोटा इन्व्हर्टर आणि ४ वॉटचा साधा एअर पंप मिळून १२ वॉट झाले, म्हणजे साडेतीन तासात खेळ खलास. तीच बॅटरी, पण १२ चे ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर आणि यूएसबी पंप, कन्व्हर्टरची घट धरून सुद्धा २३ तासांच्या आसपास जातात. बॅटरी तीच बघा. साडेतीन तास कुठे आणि जवळजवळ पूर्ण दिवस कुठे. आणि खर्च बॅटरीसकट दोन हजारांच्या आत बसतो, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत सगळं मिळतं.

आता जोडायचं कसं. लाईट गेल्यावर पंप आपोआप सुरू व्हायला पाहिजे हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण लाईट रात्री तीनला पण जाते आणि आपण गावाला गेलेलो असताना पण जाते. त्यासाठी घरात पडलेला जुना मोबाइल चार्जर आणि ५ व्होल्टचा रिले, म्हणजे विजेने आपोआप चालू-बंद होणारा छोटा स्विच, एवढंच लागतं. दुकानात शुगर क्यूब रिले म्हणून मागा, सुटा घ्या, बोर्डावर बसवलेलं मॉड्यूल नको कारण त्याला वेगळा सिग्नल लागतो. चार्जरचे ५ व्होल्ट रिलेच्या कॉइलला (आतल्या तारेच्या वेटोळ्याला) द्यायचे, आणि बॅटरीकडून पंपाकडे जाणारी प्लसची वायर रिलेच्या कॉमन आणि एनसी (नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे कॉइलला वीज नसताना जुळलेलं टोक) या दोन टोकांतून न्यायची. लाईट आहे तोवर कॉइल ओढलेली राहते आणि ती वाट तुटलेली असते, लाईट गेली की कॉइल सुटते, वाट जुळते आणि पंप सुरू. तो मोबाइल चार्जर टँकच्या फिल्टरच्याच बोर्डात लावा, दुसऱ्या खोलीत नको. कारण नुसती गावची लाईट जाते असं नाही, त्या बोर्डाचा एमसीबी पडतो, फरशी पुसताना कुणीतरी बटण बंद करून ठेवतं, आणि त्याही वेळी पंप सुरू झाला पाहिजे.

बॅटरीच्या प्लसपासून अगदी जवळ, चार बोटांच्या अंतरात, २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज घाला. हा वगळू नका. बॅटरी लहान दिसते पण दोन टोकं एकमेकांना लागली तर वायर वितळून पडदा पेटेल इतका करंट ती सोडते. फ्यूजनंतर लो व्होल्टेज कटऑफचं छोटं मॉड्यूल लावा आणि ते साडेअकरा व्होल्टवर सेट करा, नाहीतर एका लांबलेल्या पॉवर कटमध्ये बॅटरी पार रिकामी होते आणि मग ती परत पूर्वीसारखी चार्ज घेत नाही. त्यानंतर रिले, मग बक कन्व्हर्टर. कन्व्हर्टर नवा आला की त्याचा स्क्रू कुठेही फिरवलेला असतो, पंप जोडायच्या आधी मल्टीमीटरने ५ व्होल्ट करून घ्या, नाहीतर पंप पहिल्या मिनिटालाच जळतो.

चार्जिंगच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त चुकतात. १२ व्होल्टच्या बॅटरीला १२ व्होल्टचा अडॅप्टर लावतात, पण भरलेली बॅटरी स्वतःच १२.८ च्या आसपास असते, मग १२ वाला तिला भरणार कसा. दुसरीकडे काही जण गाडीच्या बॅटरीचा चार्जर कायमचा लावून ठेवतात, त्याने आतलं पाणी उडून जातं आणि बॅटरी फुगते. कायम जोडलेल्या बॅटरीला १३.६ ते १३.८ व्होल्ट लागतात, आणि ७ एएचला करंट ०.७ अँपिअरपर्यंत ठेवावा. बंद पडलेल्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर घरात असेल तर त्याच्यापुढे सीसी-सीव्ही मॉड्यूल लावा, ज्यात व्होल्टेज आणि करंट दोन्ही सेट करता येतात, आणि त्याच्या आउटपुटला एक शॉटकी डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) घाला म्हणजे लाईट गेल्यावर बॅटरीतली वीज उलटी मॉड्यूलमध्ये जाणार नाही. डायोडमध्ये थोडे व्होल्ट पडतात, म्हणून सेटिंग बॅटरी भरल्यानंतर आणि बॅटरीच्या टोकांवर मीटर लावून करा. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात खोली ४० ला जाते तिथे १३.४-१३.५ पुरे. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, दर १० डिग्रीला जवळपास निम्मं, तेव्हा ती फ्रीजच्या डोक्यावर किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी मिळाली आणि परवडली तर ती चांगलीच, हलकी असते आणि ८०-९० टक्के वापरता येते, फक्त तिच्यात बीएमएस (बॅटरीला सांभाळणारं सर्किट) पाहिजे आणि चार्जर तिचाच पाहिजे. पण जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून सेल काढायचे आणि टेप लावून पॅक बनवायचा हे कृपया करू नका, विशेषतः कॉलेजच्या मुलांना सांगतो. ते सेल आतून कोणत्या अवस्थेत आहेत ते बाहेरून कळत नाही, आणि लिथियमची आग पटकन विझत नाही. मासे वाचवायच्या नादात घर धोक्यात घालायचं नाही.

पाण्याच्या बाजूला दोन गोष्टी. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा आणि नळीत नॉन रिटर्न व्हॉल्व्ह घाला, दहा-वीस रुपयाला मिळतो, तो नसेल तर पंप थांबल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात आणि तिथून बॅटरीवर जातं. आणि बॅकअपच्या हवेला नुसता एअर स्टोन (बारीक बुडबुडे काढणारा दगड) लावण्याऐवजी स्पंज फिल्टर लावा, हे मी प्रत्येकाला सांगत असतो. माशांच्या घाणीतला अमोनिया खाणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये राहतात आणि त्यांना पण ऑक्सिजन लागतो, स्पंज फिल्टर हवेवरच चालत असल्यामुळे दीड वॉटमध्ये मासे आणि बॅक्टेरिया दोघंही जगतात. कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) असेल तर तो काही तास बंद राहिल्यावर आतलं पाणी सडतं, लाईट आल्या आल्या तो सुरू करू नका, आधी उघडून ते पाणी फेका, मीडिया (आतला स्पंज वगैरे गाळणीचं सामान) टँकच्याच पाण्यात खळबळून घ्या, मग चालू करा. लाईट नसताना खाणं अजिबात घालायचं नाही. मासे दोन-तीन दिवस उपाशी आरामात राहतात.

ज्यांच्याकडे घरचा मोठा इन्व्हर्टर आधीच आहे त्यांनी हे काहीच करायला नको, वायरमनला बोलावून टँकच्या एअर पंपाचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या, काम झालं. आणि ज्यांना सोल्डरिंग जमत नाही त्यांनी यूएसबी पंप आणि १०,००० एमएएचची पॉवरबँक तरी घरात ठेवावी, ती पण वीसेक तास पंप चालवते. ती हाताने लावावी लागते, आणि काही पॉवरबँका लोड कमी आहे म्हणून मध्येच बंद पडतात, आपली पडते का ते आधी बघून ठेवा. काहीच नसेल तर मगने पाणी काढायचं आणि वरून धार धरून परत ओतायचं, दर पंधरा-वीस मिनिटांनी. हात दुखतात पण मासे जगतात.

कुणी म्हणेल आता लोडशेडिंग कुठे राहिलंय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड आणि दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला ग्रिड पडून मुंबई सुद्धा काही तास बंद होती, जिथे लाईट जातच नाही असं आपण म्हणतो. वादळासारख्या प्रसंगाला एक बॅटरी पुरणार नाही हे मान्य आहे, छोटं सोलर पॅनल जोडलं तरी ढगाळ दिवसात ते फार कमी देतं. पण रोजच्या जगण्यातले पॉवर कट हे दोन, चार, आठ तासांचे असतात, आणि तेवढ्यातच मासे मरतात.

आता दुकानदारांना एक विनंती. टँक विकताना तुम्ही रंगीत दगड देता, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या देता, प्लास्टिकची झाडं देता, त्यातलं एखादं कमी करून एक यूएसबी पंप आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्ह त्याच बिलात घाला, आणि लाईट गेल्यावर काय करायचं ते दोन वाक्यात सांगा. दोन फुटी टँकला पंधरा-वीस गोल्डफिश विकू नका. मासे जितके जास्त तितके हातातले तास कमी, कोणतीही बॅटरी लावा. गिऱ्हाईकाचे मासे जगले तर तो परत तुमच्याकडेच येणार आहे. जुनी झालेली बॅटरी लोकांनी कचऱ्यात टाकू नये, दुकानात वजनावर परत घेतात, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा दुकानदाराने नाही म्हणायचं कारण नाही.

वर सांगितलेल्या जोडणीची आकृती मी काढून ठेवली आहे, फ्यूज, कटऑफ, रिले, कन्व्हर्टर या क्रमाने. पावसाळ्याच्या पानावर एका चौकटीची जागा मिळाली तर लगेच पाठवतो, आणि त्याखाली एवढं नक्की छापा की महिन्यातून एकदा मोबाइल चार्जरचा प्लग काढून पंप सुरू होतो का ते बघायचं आणि तासभर चालू द्यायचा.

आपला,
एक मासेप्रेमी वाचक, चिंचवड