दीड दिवसात दारात

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या नोकरीला मी होकार कळवलाय. फोनवर आई एकदम गप्प झाली आणि बाबांनी एवढंच विचारलं, "किती लांब गं?" तेव्हा मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

मुंबईहून सरळ रेषेत सुमारे 7300 किलोमीटर. आकड्याला घाबरू नका. सिंगापूरला विमान बदलायचं. तिथवर साधारण साडेपाच तास, पुढे पर्थ सव्वापाच. दोन्ही टप्पे जवळजवळ सारखेच, 3900 किलोमीटरच्या आसपास. कोल्हापूरला आजीकडे जाताना एसटी साखरप्याला थांबायची ना, तसं सिंगापूर. पुढे आंबा घाटात मला मळमळायचं, बाबा मला खिडकीशी मांडीवर घ्यायचे आणि आई तोंडात आमसूल द्यायची. लिहितानाही त्याची चव जिभेवर आली.

सिडनीलाही बोलावलं होतं, पगारही जास्त. पण ते मुंबईपासून 10,000 किलोमीटरच्या पुढे, आणि घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार, त्यांच्या उन्हाळ्यात साडेपाच तास पुढे. पर्थ बारा महिने अडीच तासच पुढे असतं. तुम्ही साडेसातला जेवायला बसाल तेव्हा माझे दहा वाजलेले असतील. रोज तेव्हाच फोन करीन. तिथे भाजी-पोळीचे हाल नाहीत, तांदूळ-डाळ-पीठ सगळं मिळतं.

पुण्याहून हाक मारली की रात्रीत येत होते, ते आता जमणार नाही, हे मला कळतं. पण तिकीट मिळालं की मधला थांबा आणि मुंबई-रत्नागिरी धरून दीड दिवसात दारात उभी असेन. तोवर नाना आहे. गेल्या पावसाळ्यासारखं त्याला न सांगता रिक्षाने जायचं नाही, बाबा.

आणि तुम्ही यायचंय. सप्टेंबर-ऑक्टोबरात या, तिथे तेव्हा वसंत असतो. बाबांचं इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकायचं नाही, खाली सामानात ते गोठू शकतं. हातातल्या पिशवीत ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. जाताना दिवस अडीच तासांनी लहान होतो, तर डोसची वेळ डॉक्टरांनाच विचारा. आई, विमानतळावर व्हीलचेअर मागायला लाजायचं नाही, गुडघे आधी. विमानात पाणी पीत राहा, मधूनमधून उठून चाला, बसून बसून पायांत रक्ताची गुठळी होऊ शकते. आंबे बांधायचे नाहीत, ताजी फळं आणि बिया तिथे नेऊ देत नाहीत. बाकी खाऊ आणाल तो उतरल्यावर सांगावा लागतो, मेतकुटापर्यंत सगळा.

बाबांच्या पासपोर्टची मुदत संपत आलीय. मी या शनिवारी घरी येतेय, तेव्हा अर्ज भरूनच टाकू. आईचाही काढून ठेवा, मला तारीख बघायचीय. आणि आई, मी येईपर्यंत रडत बसू नकोस. आल्यावर दोघी मिळून बसू.

तुमची,
चिऊ