मधला काळा पट्टा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर माझं डोकं बघून "बाबा, झेब्रा झालात!" म्हणून हसलीस. मग एकदम गप्प झालीस आणि विचारलंस, "मधला काळा पट्टा एवढा जाड कसा?" मी रेंज गेल्याचं नाटक केलं. ते तेव्हापासून सलतंय.

पट्टे सुनिटिनिब या माझ्या गोळीचे आहेत. गोळी चार आठवडे घ्यायची, मग दोन आठवडे सुट्टी. किडनीतल्या गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांची वाढ ती रोखते. पण केसांच्या मुळाशी रंग भरणाऱ्या पेशी 'किट' नावाच्या ज्या रिसेप्टरच्या (पेशीवरच्या, संदेश घेणाऱ्या प्रथिनाच्या) भरवशावर काम करतात, तोही तिच्या तडाख्यात सापडतो. पेशी मरत नाहीत, नुसता संप करतात. गोळी थांबली की पुन्हा कामाला लागतात. बाहेर आलेला केस काही रंग बदलत नाही, जो काही रंग भरायचा तो मुळातच. म्हणून गोळीच्या दिवसांतला केस पांढरा, सुट्टीतला काळा. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, म्हणजे काळा पट्टा अर्ध्या सेंटिमीटरचा हवा. तुला दिसला तो त्याच्या दुप्पट. हिशेबात तू लहानपणापासूनच पक्की, मीच विसरलो.

तर ऐक. मधल्या फेरीत माझ्या प्लेटलेट्स घसरल्या होत्या. डॉक्टरांनी दोन आठवड्यांची सुट्टी चारवर नेली. तुझी परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून आईलाही मीच गप्प बसवलं. तिच्यावर चिडू नकोस. आता प्लेटलेट्स वर आल्यात आणि डोस 50 वरून 37.5 मिलिग्रॅमवर आणलाय.

कातडीवरची पिवळी झाकही तुझ्या नजरेतून सुटली नसेलच. कावीळ नाही, बिलिरुबिन तपासून झालंय. गोळीतलं औषधच मुळात पिवळं आहे. भुवया पिकल्यात, त्याचं मात्र मला जरा वाईट वाटतं. आरशात आजोबाच दिसतात.

हेअर डाय पाठवू नकोस. आणि केस पांढरे झाले म्हणजे गोळी लागू पडली, असाही अर्थ काढू नकोस. ते सीटी स्कॅनच सांगेल. स्कॅन 14 तारखेला आहे. रिपोर्ट आला की आधी तुला पाठवीन, मग आईला दाखवीन.

तुझा,
बाबा