आईवडिलांचा दवाखाना आणि २१ हजारांची मर्यादा

महोदय,

देशात म्हाताऱ्या माणसांची संख्या वाढते आहे, यावर हल्ली बरंच लिहून येतं. त्याचा खर्च कुणाच्या खिशातून जातो, ते मात्र भोसरी-चाकणच्या कारखान्यांत विचारा. इथल्या चाळिशीतल्या अनेकांचे वडील खासगी कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांच्या ईपीएस-९५ (पीएफबरोबरची कर्मचारी पेन्शन योजना) पेन्शनची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये महिना एक हजार ठरली, ती तिथेच आहे. उरलेलं मुलगा भरतो. मुलीही भरतात, फक्त त्याचा कुठे बोभाटा होत नाही.

त्यात ईएसआयचा (कामगार आणि कंपनी दोघांच्या वाट्यातून चालणारा कर्मचारी राज्य विमा) नियम असा, की कामगाराबरोबर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार मिळतात. पण पगार २१ हजारांच्या वर गेला की कामगार बाहेर आणि आईवडीलही बाहेर. ही मर्यादा जानेवारी २०१७ ची! इन्क्रिमेंटचं पत्र आलं की पेढ्यांआधी हाच हिशेब सुरू होतो. पासष्टीच्या, साखर असलेल्या वडिलांची खासगी पॉलिसी काढायची, तर हप्ता जबर आणि जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबा.

सत्तरीपुढच्यांना ‘आयुष्मान’ या सरकारी आरोग्य योजनेतून पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले, हे चांगलंच झालं. पण ते ॲडमिट झाल्यावर. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे डायपर आणि दरमहाच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. ब्युरोतून बारा तासांची बाई ठेवायची, तर कंत्राटी कामगाराचा जवळजवळ अख्खा पगार तिलाच द्यावा लागतो. मग घरातली एक नोकरी सुटते, आणि ती बहुधा सुनेची. तिची दहा वर्षं भरली नसतील, तर ईपीएसचं पेन्शन तिला लागूच होत नाही. म्हणजे सासूबाईंचं करता करता ती स्वतःच्या म्हातारपणी मुलांच्या तोंडाकडे बघणार.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वर्षातून दोनदा वाढतो. तोच निर्देशांक ईएसआयच्या मर्यादेला आणि ईपीएसच्या किमान पेन्शनला का लावत नाहीत? निदान मर्यादेबाहेर गेलेल्या कामगाराला, कंपनीचा वाटाही स्वतः भरून, आईवडिलांचे उपचार चालू ठेवता यावेत. पैसे द्यायला आम्ही नाही म्हणत नाही.

– एक कामगार वाचक, भोसरी