घडी वर घ्या, संपादक महाशय!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या बालपुरवणीतलं ‘नावाचं फुलपाखरू’ दिसायला झकास आहे: कागद दुमडायचा, खालच्या घडीवर नाव लिहायचं, दुहेरीच कापायचं आणि उघडायचं, की नाव आणि त्याचं प्रतिबिंब मिळून फुलपाखरू. अडचण एकच, ते मराठीत कापता येत नाही. कृती इंग्रजी अक्षरांची, नावं तेवढी आपली. इंग्रजी अक्षरांचे पाय घडीवर टेकतात, डोकी मोकळी असतात, म्हणून कात्री वरून आत शिरते. ‘दीपक’ तसं कापून बघा. वर शिरोरेषा, खाली ‘अजिबात कापू नये’ अशी घडी. दोन अक्षरांच्या मध्ये कात्री जाणार कुठून? शिरोरेषा गाळली तर ‘द’ शेपटीच्या टोकावर लोंबतो, ‘ग’ आणि ‘श’ यांचा डावा भाग गळून पडतो. उकाराला तर जागाच नाही. वर आम्हीच म्हणायचं, पोरांचा हात वळत नाही!

घडी वरच्या बाजूला घ्या. ए-४ कागद लांबीतून दुमडला की १०.५ सेंमी रुंदीची पट्टी होते. घोटीव कागद असेल तर रंगीत बाजू आत, म्हणजे पेन्सिल पांढऱ्या बाजूला उमटते. शिरोरेषा घडीला चिकटून, सेंटिमीटरभर जाड. अक्षरं खाली लोंबू द्या, कात्री खालून घाला. उकार असेल तर खाली तीन सेंमी राखा. ‘ब’, ‘व’, ‘ठ’ यांची पोटं जरा चिमटीत दुमडून छेद द्यायचा. वेलांटी, मात्रा, रफार घडीपलीकडे जातात. ते दुसऱ्या रंगात कापून शेवटी चिकटवा, फुलपाखराला आयत्या मिशा. कार्डशीट नको, दुहेरी झालं की पोरांच्या बोथट कात्रीत चुरगळतं.

त्याखाली ‘माझ्या नावाची गोष्ट’: आपलं आणि घरच्यांचं नाव कुठून आलं ते पोरांनी लिहायचं. ‘अर्थ शब्दकोशात शोधा’ म्हणे! खानदेशात घरोघरी दगा, भिका, धोंडू. नजर लागू नये म्हणून ठेवलेली नावं ही. शब्दकोशात ‘दगा’ म्हणजे विश्वासघात; नातवानं आजोबांबद्दल तेच लिहून आणायचं का? नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे वारावरून नाव ठेवतात. तिथं शब्दकोश काय सांगणार? घरातल्या म्हातारीला विचारा, असं छापलं असतं तर अर्धी ओळ पुरली असती.

आणि हो, त्या गोष्टीशेजारी नाव लिहायच्या चौकटीत मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. तुमच्या पुरवणीपर्यंत ही बातमी पोचलेली दिसत नाही, छापली मात्र तुम्हीच होती.

सुधारलेली आकृती रविवारच्या आत छापावी. सोमवारी वर्गात कागद वाटायचे आहेत.

— एक कलाशिक्षक, अमळनेर