हास्यास्पद म्हणजे विनोदी नव्हे

संपादक महोदय,

'हास्यास्पद' हा शब्द छापताना दोन चुका वारंवार दिसतात. पहिली लेखनाची: 'हास्यस्पद' किंवा 'हास्यापद'. मूळ फोड हास्य + आस्पद. आस्पद म्हणजे स्थान. अ आणि आ मिळून दीर्घ आ होतो म्हणून 'स्या', आणि 'स्प' हे जोडाक्षर आस्पदमधलेच, ते गाळता येत नाही. 'संशयास्पद'ची घडण अशीच आहे.

दुसरी चूक अर्थाची, आणि ती जास्त खटकते. हसवण्यासाठी केलेले ते विनोदी. गंभीरपणे करूनही ज्याचे हसे होते ते हास्यास्पद. 'हास्यास्पद एकांकिका' असे कौतुकाने लिहिले, तर तो लेखकाचा अपमानच होतो. पूल पाडून झाल्यावर त्याच्या रंगकामाची निविदा काढली, तर मात्र हाच शब्द चपखल बसतो.

त्याच्या जागी 'अतर्क्य'ही वापरू नये. अतर्क्य म्हणजे तर्काच्या आवाक्याबाहेरचे. त्यात विस्मय असतो, कधी आदरही. तर्काला सोडून केलेले विधान 'तर्कविसंगत', आणि वाक्यांचा एकमेकांशी मेळच नसेल तर ते बोलणे 'असंबद्ध'. बोलीत या सगळ्यांसाठी 'काहीतरीच काय!' पुरते, पण बातमीत नेमका शब्दच हवा.