शेवटची तारीख छापता, पहिली का नाही?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरातलं शिक्षणाचं पान वडगावातल्या माझ्या धाकट्या बहिणीकडे कापून ठेवलं जातं. देवघराशेजारच्या खिळ्याला एक पॅड अडकवलंय, त्यात अशी पंधरा-वीस कात्रणं आहेत. गेल्या रविवारी चहा होईपर्यंत मी ती सगळी काढून बघितली. परदेशातले प्रवेश, इथल्या सीईटी, स्कॉलरशिप, सगळं आहे, आणि प्रत्येकात एकच तारीख ठळक अक्षरात: अंतिम मुदत. अर्ज कधीपासून घेतात, हे एकाही कात्रणात नाही. हे पत्र तेवढ्यासाठीच. पण तक्रार नुसती आपल्याबद्दल नाही, माझ्याबद्दलही आहे, त्यामुळे थोडं लांबेल. कात्री लावायचीच झाली तर मधल्या भागाला लावावी.

मी बेळगावातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात ३४ वर्षं काढली. टायपिस्ट म्हणून लागलो, हेडक्लार्क म्हणून बाहेर पडलो. शेवटची अकरा वर्षं ट्रान्स्क्रिप्टचं टेबल माझ्याकडे होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: सगळ्या वर्षांचे विषय, मार्क आणि शिकवलेले तास एकत्र मांडलेला कागद म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट. परदेशातल्या कॉलेजांना नुसती मार्क्स कार्डं चालत नाहीत, हा लागतो. तो बंद पाकिटातून जातो. पाकिटाच्या झाकणावर शिक्का असा मारायचा की अर्धा झाकणावर उमटेल, अर्धा पाकिटावर. जुलै-ऑगस्टच्या पावसात शाई पसरू नये म्हणून मी त्यावर सेलोटेप लावत असे. एका पोराने ‘आत बरोबर आहे का बघतो’ म्हणून पाकीट घरी जाऊन फोडलं होतं. परत सगळं पहिल्यापासून.

आता भाचीचं सांगतो. नाव लिहीत नाही, तिने मना केलंय. नावात एक ‘त’ आहे एवढं लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

मेहुण्यांचे वडगावात चार माग आहेत. चार-पाच वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा धरला. हात कानापर्यंत जाईना, तुटलेलं सूत जोडायला वाकलं की कळ. पोरगी तेव्हा बीपीटीच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने त्यांना मागाशेजारच्या भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायला लावलं आणि दर रविवारी हात पोचेल तिथे पेन्सिलीने रेघ मारली. त्या रेघा अजून तशाच आहेत, सगळ्यात वरची माझ्या टोपीच्याही वर. दिवाळीला चुना मारतात तेव्हा तेवढी भिंत सोडतात.

चार वर्षं आणि वर सहा महिन्यांची इंटर्नशिप, असं तिचं बीपीटी झालं. पुढे शिकायला अमेरिकेला जायचं तिने ठरवलं. गल्लीतले विचारतात, फिजिओथेरपिस्ट झालीच आहे की, परत कशाला? तर तिथे या विषयाची साधी पदवी आता मिळत नाही. २०१६ पासून तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेजांना डॉक्टरची पदवीच द्यावी लागते. तिला डीपीटी म्हणतात, साधारण तीन वर्षांची. आपली पदवी तिकडे तपासून घेऊन थेट परवान्याच्या परीक्षेला बसायचाही एक रस्ता आहे, पण तिला शिकायचंच होतं. त्यावर आमच्या घरात पुष्कळ बोलणं झालं, ते इथे नको.

तिथल्या बऱ्याच कॉलेजांसाठी एकच सामाईक ऑनलाइन अर्ज असतो, पीटीकॅस नावाचा. तो दरवर्षी जूनच्या मध्याला सुरू होतो. मुदत मात्र ज्या त्या कॉलेजची वेगळी, कुणाची ऑक्टोबर, कुणाची डिसेंबर, कुणाची त्याच्याही पुढे. आणि खरी गोष्ट पुढेच आहे. यातली पुष्कळ कॉलेजं मुदत संपायची वाट बघत बसत नाहीत. अर्ज येतील तसे वाचतात, मुलाखती घेतात, जागा देऊन मोकळी होतात. डिसेंबरची मुदत असलेल्या कॉलेजातल्या निम्म्याहून जास्त जागा नोव्हेंबरातच गेलेल्या असू शकतात. डिसेंबरातला अर्ज मुदतीत असतो, तो घेतात, फीही घेतात.

हे आपल्या डोक्यात बसत नाही, कारण आपली मुलं सीईटीत वाढलेली. सीईटीचा फॉर्म पहिल्या दिवशी भरा नाहीतर शेवटच्या रात्री, रँक मार्कांवरच लागणार. तिकडचा प्रकार मात्र आपल्या सीबीटी बसस्टँडवरच्या खानापूरच्या गाडीसारखा. संध्याकाळी गाडी फलाटाला लागायच्या आधी लोक पळत जाऊन खिडकीतून रुमाल टाकतात. कंडक्टर गाडी सुटायची वेळ सांगतो, जागा भरायची वेळ सांगत नाही. सुटायच्या वेळेवर येणाऱ्यालाही गाडी मिळते म्हणा, दांड्याला लोंबकळत. कॉलेजात तेवढीही सोय नाही.

गेल्या वर्षी पोरगी सुटायच्या वेळेवर गेली. गणपती झाले, मग तिने माझ्याच जुन्या ऑफिसात ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज दिला. टेबलावर आता दुसरा आहे. त्याने विचारलं, ‘लास्ट डेट कधी?’ ती म्हणाली, डिसेंबर. ‘मग आहे की वेळ.’ अर्ज खालच्या ट्रेमध्ये गेला. मी शेजारीच उभा होतो, काही बोललो नाही. मलाही ते बरोबरच वाटलं, कारण ती पद्धत माझी.

माझ्या टेबलावर तीन ट्रे असत. अर्ज आला की उजव्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने शेवटची तारीख लिहायचा आणि त्या क्रमाने लावायचा. जवळची तारीख वर, लांबची खाली. याचा मला फार अभिमान. अकरा वर्षांत एकाही विद्यार्थ्याची मुदत माझ्यामुळे चुकली नाही, असं मी निरोपसमारंभात सांगितलंय, टाळ्याही पडल्या होत्या. आता वाटतं, जून-जुलैत धावत येऊन अर्ज देणारी जी शहाणी पोरं होती, त्यांचेच अर्ज मी तळाला घातले, मुदत लांब आहे म्हणून. त्यातल्या कितीजणांना जागा भरल्यावर कागद मिळाला असेल ते मला कळायला मार्गच नव्हता. नकाराचं पत्र क्लार्ककडे येत नाही.

दसरा, दिवाळी, मधे विद्यापीठाचा शिक्का, असं करत पाकीट नोव्हेंबरात निघालं. आपले मार्क तिकडच्या हिशेबात मांडून देणारी एक संस्था असते, ते पाकीट तिच्याकडे जातं. तिकडून प्रश्न आला: मार्क्स कार्डावरची मुलगी आणि पासपोर्टवरची मुलगी एकच का?

हा तो ‘त’. आमच्याकडे कन्नड वळणाने इंग्रजीत ‘त’ लिहिताना टीच्या पुढे एच लावतात, नुसता टी म्हणजे ‘ट’. मराठीत आपण नुसता टी लिहून मोकळे होतो. शाळेतल्या हेडमास्तरांनी त्यांच्या रीतीने एच घातला, तो एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या कार्डावर आला, तिथून पीयूसीला (बारावीला) आणि बीपीटीला गेला. पासपोर्टचा फॉर्म मेहुण्यांनी भरला, त्यात एच नाही. चूक कुणाचीच नाही. (सीमाभागात राहून हे वाक्य लिहायला थोडा धीर लागतो.) आधारवर तिसरंच काही निघालं नाही हे नशीब. मग ई-स्टॅम्प, कोर्टाजवळचा नोटरी, अॅफिडेव्हिट, ते स्कॅन करून पाठवणं, त्यांचं उत्तर येणं. एका अक्षरापायी अडीच आठवडे. आपल्या भागात स्मिता, कविता, ज्योती, श्वेता नावाच्या मुली घरोघर आहेत. ज्यांच्या घरी असतील त्यांनी आज रात्री जेवण झालं की मार्क्स कार्ड आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघावं. पासपोर्ट अजून काढला नसेल तर फारच चांगलं, मार्क्स कार्डावर आहे तेच स्पेलिंग फॉर्मवर घाला.

शिफारसपत्रांचं थोडक्यात. आपल्याकडे सर म्हणतात, ‘तू लिहून आण, मी सही करतो.’ तिकडे ते चालत नाही. सरांच्या ईमेलवर लिंक जाते, ती सरांनी उघडायची, सरांनी लिहायचं, सरांनीच पाठवायचं. मुलीच्या हातात काही नसतं. एका सरांची मेल स्पॅममध्ये, दुसऱ्या सरांच्या घरी लग्न. आणि लग्नात गेलेल्या माणसाला ‘सर, लिंक’ म्हणून आठवण करायची आमच्या पोरीत हिंमत नाही.

तर डिसेंबरच्या मुदतीला दोन दिवस असताना अर्ज गेला. फेब्रुवारीत दोन नकार आणि एक वेटिंग लिस्ट. ती लिस्ट काही हलली नाही. नकार देणाऱ्यांतल्या एका कॉलेजला परदेशात शिकलेले काही विषय चालतच नव्हते. मेमध्ये एक मेल टाकून विचारलं असतं तरी कळलं असतं आणि तिथली फी वाचली असती. डॉलरमधली फी म्हणजे मेहुण्यांच्या मागावरचे किती दिवस, ते मी बहिणीसमोर मोजत नाही.

यंदा जानेवारीतच बसलो. कॉलेजांची यादी, कुठे कुठले विषय चालतात याच्या मेल, कुठे फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली बसून बघितल्याचे तास लागतात आणि त्यावर कुणाची सही लागते, हे सगळं मार्चपर्यंत झालं. ट्रान्स्क्रिप्टच्या अर्जाला अॅफिडेव्हिट आधीच जोडलं आणि वर लाल शाईने लिहिलं: जागा अर्ज येतील तशा भरतात, शेवटची तारीख बघू नये. सरांना एप्रिलमध्येच भेटून आलो, लग्नसराईच्या आधी. जूनच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज गेला. बाहेर पाऊस इतका की दोनदा करंट गेला, तिसऱ्यांदा मोबाईलवरच्या नेटवर पाठवला.

सप्टेंबरात एका कॉलेजने व्हिडिओवर मुलाखत घेतली, आपल्या रात्रीच्या साडेआठला, म्हणजे त्यांच्या सकाळी. मेहुण्यांनी माग बंद केले. पण शेजारच्यांचे आठ माग तसेच चालू, भिंत एकच. बहीण जाऊन सांगून आली, त्यांनीही तासभर थांबवले. वडगावात मागाचा आवाज थांबला की लोक दारात येऊन विचारतात, ‘करंट गेला काय?’ त्या दिवशी मी पायरीवर बसून येईल त्याला हळू आवाजात सांगत होतो, करंट आहे, मुलाखत चाललीय. उत्तर अजून आलेलं नाही. पण मुदत संपायच्या आधी मुलाखत होऊन गेली, हे गेल्या वर्षी स्वप्नातही नव्हतं.

लवकर म्हणजे कसाही अर्ज फेकायचा असं मी म्हणत नाही. अर्धा निबंध आणि चुकीचे मार्क घेऊन जूनमध्ये गेलेल्या अर्जापेक्षा ऑगस्टमधला नीट अर्ज केव्हाही बरा. आणि ‘अर्ली डिसिजन’ म्हणून एक प्रकार असतो, त्याला लवकर अर्ज समजून कुणी फसू नये. त्यात आधी एकाच कॉलेजला अर्ज करायचा आणि त्यांनी घेतलं तर तिथेच जायचं, असं वचन द्यावं लागतं. बँकेने कर्जाला हो म्हटलेलं नसताना, घरात पैशाचं बोलणं पुरं झालेलं नसताना असलं वचन देऊ नये. आम्ही दिलं नाही.

संपादक साहेब, माझी विनंती साधी आहे. मुदत छापता तिथेच अर्ज सुरू व्हायची तारीखही छापा, आणि जागा येतील तशा भरतात की यादी एकदम लागते, एवढी एक ओळ घाला. डिसेंबरात छापलेली बातमी डिसेंबरच्या मुदतीला काही कामाची नाही. ती मेमध्ये हवी.

दुसरी विनंती सगळ्या कॉलेजांतल्या माझ्या जातभाईंना, म्हणजे टेबलावर बसलेल्यांना होती. तिची सुरुवात मी परवा जुन्या ऑफिसातच करून बघितली. म्हटलं, बाबा, अर्ज शेवटच्या तारखेवर लावू नको, आले त्या क्रमाने काढ. त्याने चष्मा वर केला, तीन ट्रेंकडे बघितलं आणि म्हणाला, ‘तुम्हीच शिकवलंय की, सर.’

आपला,
एक निवृत्त हेडक्लार्क
शहापूर, बेळगाव